सभासदांसाठी सूचना : येत्या बैठकीपूर्वीचे वाचन

सर्व सभासदांना स्मरण देण्यात येते की, येत्या बैठकीत अमेरिकी विधिज्ञ व न्यायाधीश चार्ल्स क्लार्क यांच्या कारकिर्दीवर चर्चा होईल. १९२९ ते १९३९ या काळात येल विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेचे अधिष्ठातापद सांभाळतानाच त्यांनी अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांच्या मसुद्याची मुख्य जबाबदारी पेलली. १९३८ साली अमलात आलेल्या या नियमांनी कायदा आणि समन्याय (ठरीव कायद्याऐवजी न्यायबुद्धीवर आधारलेली दाद) यांचे वेगळे मार्ग मिटवून एकाच स्वरूपाचा दिवाणी दावा रूढ केला. न्यायाधीश झाल्यावर त्यांनी १९४४ मध्ये लिहिलेला दिओगार्डी विरुद्ध डर्निंग हा निकाल प्रत्येकाने वाचूनच यावे. वकिलाशिवाय, अडखळत्या भाषेत लिहिलेले वादपत्रही केवळ मांडणीच्या दोषांमुळे फेटाळू नये, हा त्यातील आग्रह प्रक्रियाविधी शिकवणाऱ्या आपणा सर्वांसाठी अत्यंत मोलाचा आहे.