विदेशींनी विकलं, म्हणून आपणही विकायचं का?

माननीय संपादक,

पेपरात रोज ती चौकट येते ना, 'विदेशी गुंतवणूकदारांनी इतके कोटी काढून घेतले', ती वाचून आमच्या अंबाझरीच्या फिरायला जाणाऱ्या मंडळीत तर्री-पोह्याची प्लेट हातात येईपर्यंत निम्मे लोक शेअर विकायच्या गोष्टी करून राह्यले असतात. मीही त्यातलाच. ऑक्टोबर २०२४ मध्ये विदेशींनी एका महिन्यात ९४ हजार कोटींच्या आसपास काढले तेव्हा घाबरून मी एका चांगल्या कंपनीचे शेअर मातीमोल भावात देऊन बसलो, अन् कंपनीत बिघडलं काय होतं? काहीच नाही. त्याच महिन्यात आपल्याकडचे म्युच्युअल फंड, विमा कंपन्या वगैरेंनी त्याहून जास्त खरेदी केली होती हे मला नंतर कळलं, मोठ्या अक्षरात होती ती फक्त विक्री.

माझा भाचा मुंबईला एका फंडात कामाला आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याला धरलं, म्हटलं बाप्पा, तुम्ही मोठे लोक विकायचं ठरवता तरी कसं? तो हसला, म्हणाला मामा, बऱ्याचदा आम्ही ठरवतच नाही, आम्हाला विकावं लागतं. निफ्टीतून, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या यादीतून (इंडेक्समधून), एखादी कंपनी बाहेर पडली, हे बदल मार्च अन् सप्टेंबरअखेर होतात, की त्या यादीप्रमाणेच शेअर ठेवणाऱ्या इंडेक्स फंडाला तो शेअर विकावाच लागतो, मॅनेजरला कंपनी कितीही आवडत असो. लोकांनी फंडातून पैसे मागितले की विका. एखादा शेअर चढून स्कीममध्ये जास्तच जागा अडवून बसला की थोडा कापा, राग कोणावरच नसतो. अन् विदेशीवाल्याचा हिशोब तर डॉलरमध्ये, शेअर पाच टक्के वर गेला अन् रुपया तेवढाच पडला की त्याच्या हाती काय, भोपळा. त्या ऑक्टोबरात अमेरिकेत बाँडचं, म्हणजे कर्जरोख्यांचं, व्याज वाढत होतं, चीनचा बाजार स्वस्त होता अन् सरकार तिथं पैसा ओतत होतं, आपला बाजार महाग, म्हणून पैसा तिकडे वळला. मी विकलेल्या कंपनीचं नाव त्यांच्या तोंडीही नसेल!

भाच्याची दुसरी गोष्ट मला जास्त पटली. मी माझे दोनशे शेअर इतवारीत उभ्या-उभ्या मोबाइलवर विकतो, फंडवाल्यांकडे वीस लाख असतात, एकदम काढले तर भाव त्यांच्याच डोक्यावर पडेल. म्हणून थोडे थोडे करून दिवस-आठवडे विकत राहतात नाहीतर थेट दुसरा मोठा गिऱ्हाईक शोधतात. कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअरचा सौदा, म्हणजे बल्क डील, त्याच संध्याकाळी कळते हे खरं, पण कोणाकडे किती हिस्सा उरला याचा कागद तिमाही संपल्यावर २१ दिवसांत येतो, म्हणजे आपण वाचतो तोवर पिक्चर संपलेला असतो.

अमेरिकेतले मोठे गुंतवणूकदार वॉरेन बफेट साहेबांनी २०१६ पासून घेतलेले ॲपलचे शेअर २०२४ मध्ये निम्म्याहून जास्त विकले, पण कंपनीला नावं ठेवली नाहीत, पुढे टॅक्स वाढू शकतो असं बोलले. आपल्या शेअर बाजारातल्या राकेश झुनझुनवालांनी टायटनचा शेअर वीस वर्षं धरला, अधेमधे थोडा विकलाही असेल, पण मुख्य हिस्सा शेवटपर्यंत सोडला नाही. हां, कंपनीचा मालकच स्वतःचा हिस्सा भराभर विकू लागला की मी कान टवकारतो, तिथं मी भाच्याचंही ऐकत नाही.

तर विनंती एवढीच की त्या चौकटीत देशी संस्थांची खरेदीही तेवढ्याच अक्षरात छापा, अन् विक्री इंडेक्स बदलल्यामुळे असेल तर तसं एका ओळीत लिहा. जागा नसेल तर राशिभविष्य थोडं आखूड करा, आमच्या ग्रुपमध्ये ते तसंही कोणी वाचत नाही. निदान कबूल तरी करत नाही.

आपला,
एक वाचक
धरमपेठ, नागपूर