आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: मॉर्फिनची गोळी जिल्ह्यात का मिळत नाही?

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: कर्करोगाच्या वेदनेवरील मॉर्फिन प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मिळण्याबाबत

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवते. माझा थोरला भाऊ डिसेंबर २०२२ मध्ये गेला. त्याला कॉर्डोमा झाला होता. हे नाव सांगितलं की समोरचा माणूस ते पुन्हा विचारतो. आम्हाला काही डॉक्टरांनीही पुन्हा विचारलं होतं. दहा लाख लोकांमागे वर्षाला एखाद्यालाच होणारा हा हाडाचा कर्करोग. आईच्या पोटात बाळाचा कणा घडत असताना आधाराला दोरीसारखा एक भाग असतो. त्यातल्या काही पेशी मागे राहतात आणि कुणाकुणाच्या बाबतीत पन्नाशी-साठीत वाढायला लागतात. दादाच्या त्या माकडहाडाच्या वरच्या हाडात वाढल्या.

दादा शिंपीकाम करायचा. आधी त्यानं मशीनच्या स्टुलावर सायकलची ट्यूब गुंडाळून ठेवली. मग शिवण बायकोकडे देऊन स्वतः फक्त कापड बेतायला लागला, कारण ते उभ्यानं होतं. पुढे जेवणही उभ्यानं. ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून जेवायचा आणि आम्ही खाली बसून वर त्याच्याकडे बघत राहायचो. दीड वर्ष सगळे एकच म्हणत होते, मणक्याची गादी सरकलीय. पट्टा झाला, हाडवैद्य झाला, इंजेक्शनं झाली. लघवीला अडकायला लागलं तेव्हा एमआरआय झाला. यात मी कुणाला दोष देत नाही. हजार माणसांची कंबर दुखते, त्यात हा आजार एखाद्यालाही नसतो. पण रात्री झोपेतून उठवणारं, महिनोन् महिने न हटणारं दुखणं आणि त्यात लघवी-संडासची तक्रार, एवढं दिसलं की लगेच पुढे पाठवा, हे तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत लेखी पोचलं तर पुढच्या कुणाचं दीड वर्ष वाचेल.

आम्ही त्याला टाटाला नेलं. गाठ इतकी वाढली होती की ऑपरेशनमध्ये पायांच्या आणि लघवीच्या नसा वाचतील याची खात्री नव्हती. दादानं नको म्हटलं. रेडिएशन झालं. या गाठीला साधी केमो फारशी लागू पडत नाही. प्रोटॉनचा किरणोपचार अशा जागच्या गाठींवर उपयोगी पडतो. खारघरला टाटाच्याच केंद्रात तो २०२३ मध्ये सुरू झाला, दादा गेल्यानंतर. त्याबद्दल माझी तक्रार नाही. विज्ञान आपल्या वेळेनं येतं. माझी तक्रार आहे ती जे औषध आधीपासून आहे, स्वस्त आहे आणि आपल्या देशात बनतं, त्याबद्दल.

परळला त्याला मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या, दहा मिलिग्रॅमच्या, चार-चार तासांनी. सोबत पोट साफ राहायचं औषध, कारण या गोळीनं हमखास बद्धकोष्ठ होतं. तिसऱ्या रात्री दादा सलग चार तास झोपला. उठल्यावर म्हणाला, "ठणका आहे, पण लांब गेलाय." आठ महिन्यांत त्याच्या तोंडून आलेलं ते पहिलं बरं वाक्य. त्या दिवशी त्यानं पिठलं मागितलं.

गोळ्या मिळाल्या त्या महिनाभराच्या. संपत आल्या तेव्हा वहिनी कागद घेऊन आमच्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात गेली. खिडकीतून उत्तर आलं, "हे नार्कोटिकमध्ये येतं. आमच्याकडे ठेवत नाहीत." त्यांनी ट्रॅमाडॉल हे त्याहून सौम्य औषध लिहून दिलं. बाहेर तीन मेडिकल फिरली. एका दुकानदारानं आवाज खाली आणून सांगितलं, "ताई, याच्या भानगडीत पडू नका, पोलीस येतात." माझी वहिनी चोरी करून आल्यासारखी घरी आली. मग दर महिन्याला मी किंवा माझा मुलगा देवगिरी एक्सप्रेसनं दादरला जायचो आणि गोळ्या घेऊन रात्रीच्या गाडीनं परत यायचो. एकदा रिझर्व्हेशन मिळालं नाही आणि मध्ये दोन दिवस गोळी नव्हती. त्या दोन दिवसांत दादानं उशीची खोळ दातांनी फाडली. ती खोळ वहिनीनं अजून टाकलेली नाही.

मंत्रिमहोदय, हे टाळता येण्यासारखं होतं. कायदा आडवा येत नव्हता. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्यानंतर मॉर्फिन ठेवायचं तर चार-पाच परवाने, वेगवेगळी खाती आणि वेगवेगळ्या मुदती सांभाळाव्या लागत. रुग्णालयांनी कंटाळून ते ठेवणंच सोडलं. पण २०१४ मध्ये संसदेनं त्या कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोनसारख्या सहा औषधांना 'अत्यावश्यक अमली औषधे' ठरवलं आणि राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरेशी केली. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर हवा, साठ्याची नोंद हवी, झालं. रुग्णालयं आपल्या खात्याकडे आहेत, औषध नियंत्रक अन्न व औषध प्रशासनाकडे. दोन्ही मंत्री एकाच मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसतात.

औषधाचीही टंचाई नाही. मॉर्फिन अफूपासून बनतं, आणि शेजारच्या मध्य प्रदेशात नीमचला केंद्र सरकारचा अफूचा कारखाना आहे. सरकारी परवान्यानं अफू पिकवणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत आपण आहोत. आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं देशोदेशींचा हिशेब मांडला, त्यात भारतात वेदनेनं तळमळणाऱ्या माणसांच्या गरजेच्या जेमतेम ४ टक्के अफूजन्य औषध पोचतं असं निघालं. व्हिएतनाम ९ टक्क्यांवर, चीन १६ वर, मेक्सिको ३६ वर. ज्या देशाच्या शेतात हे बोंड पिकतं, त्याचा आकडा ४. हा आकडा वाचला तेव्हा मला दादाचे ते दोन दिवस आठवले.

व्यसनाची भीती मला समजते. अमेरिकेत साध्या दुखण्यांना सरसकट ही औषधं वाटली गेली आणि गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली, हे खरं आहे. म्हणून हिशेब काटेकोर ठेवावा, रिकाम्या स्ट्रिप परत घ्याव्यात, नोंदवही दर महिन्याला तपासावी. पण कर्करोगाच्या रुग्णाला मोजून, घड्याळ लावून दिलेली गोळी ही नशा नव्हे. दादा शेवटपर्यंत शुद्धीत होता आणि पुतणीच्या लग्नाच्या ब्लाउजचं माप तोंडी सांगत होता. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं, २००८ मध्ये त्या राज्यानं त्याचं धोरण केलं. तिथे हे काम घरोघर जाऊन, स्वयंसेवकांच्या जोरावर चालतं.

आमच्या हातावर ट्रॅमाडॉल ठेवलं, तो विषयही केवळ एका खिडकीचा नाही. आधी सौम्य औषध, ते हरलं की मग मॉर्फिन, ही पायरी जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये घालून दिली आणि आपल्याकडे अजून तीच धरून बसलेत. २०१६ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मध्यम वेदना असलेल्या २४० कर्करुग्णांवर हे पडताळून पाहिलं. काहींना सौम्य औषधं, काहींना सुरुवातीपासून थोड्या मात्रेत मॉर्फिन. मॉर्फिनवाल्यांना लवकर आणि जास्त आराम पडला, त्रासही वाढला नाही. त्याआधी २०१० मध्ये बोस्टनला फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास आहे. निदान झाल्याबरोबर उपचारांसोबत वेदना आणि मनाचीही काळजी घेणारं पथक ज्यांना मिळालं, ते जास्त बरे राहिले आणि जास्त जगलेही: मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने. "आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या" असं म्हणून ज्यांना पाठवतात, त्यांच्यासाठी करण्यासारखं बरंच आहे, असा याचा अर्थ.

काही वेदना मॉर्फिनलाही दबत नाहीत, हे मी पाहिलंय. शेवटच्या दोन महिन्यांत दादाच्या डाव्या पायात वीज चमकल्यासारख्या कळा यायच्या. चादर लागली तरी सहन व्हायचं नाही. नस दाबली गेली की वेदनेची जातच बदलते. तिथे गाबापेंटिनसारखी नसांची औषधं लागतात, कधी मेथाडोन, कधी मणक्यात किंवा नसेच्या मुळाशी इंजेक्शन देणारा हात लागतो. असा हात आमच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांत सरकारी ठिकाणी कुठे आहे, हे आम्हाला कुणी सांगू शकलं नाही.

यावर जगात काम चाललंय आणि मी ते आशेनं वाचते. मोरोक्कोत निवडुंगासारखं दिसणारं एक झाड आहे, आपल्या बांधावरच्या शेराच्या कुळातलं. त्याच्या चिकात रेझिनिफेराटॉक्सिन नावाचं द्रव्य सापडतं. मिरचीचा जाळ आपल्याला नसांवरच्या ज्या ग्राहीमुळे, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या भागामुळे, जाणवतो, त्याच ग्राहीला ते धरतं, पण मिरचीच्या कितीतरी पट जोरानं. तो ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हे द्रव्य, कशानंही न हटणाऱ्या कर्करोगाच्या वेदना असलेल्या मोजक्या रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्यात एकदाच टोचून पाहिलं. वेदना वाहणाऱ्या नसा शांत झाल्या, हातापायाची हालचाल तशीच राहिली, अफूची औषधं कमी लागली. चाचणी लहान आहे, औषध बाजारात यायला वेळ लागेल. पण ते आलं तरी ज्या जिल्ह्यात मॉर्फिनची गोळी पोचली नाही, तिथे ते कुठल्या वाटेनं पोचेल?

म्हणून माझी मागणी साधी आहे. येत्या सहा महिन्यांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयानं ही मान्यता घ्यावी, एका डॉक्टरला आणि दोन परिचारिकांना प्रशिक्षणाला पाठवावं, आणि कुठल्या रुग्णालयात आज मॉर्फिन आहे याची यादी आपल्या खात्यानं संकेतस्थळावर टाकावी, म्हणजे माणसाला खिडकीवर जाऊन अपमान घ्यावा लागणार नाही. प्रत्येक विभागात निदान एका वैद्यकीय महाविद्यालयात अवघड वेदनांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग असावा. आशाताई बीपी आणि साखर विचारतात, तसंच त्यांनी "दुखतंय का, दहापैकी किती?" हेही विचारावं. याला मोठी इमारत लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही.

दादा गेला तेव्हा डब्यात सतरा गोळ्या उरल्या होत्या. दहाव्याच्या दिवशी वरच्या आळीतल्या एक बाई आल्या. त्यांच्या नवऱ्याला तोंडाचा कर्करोग, जबड्यापर्यंत गेलेला. पदर तोंडावर धरून हळूच म्हणाल्या, "ताई, त्या गोळ्या उरल्यात का?" दुसऱ्याला देणं कायद्यात बसत नाही, आणि मात्रा चुकली तर जीव जातो हे मला माहीत होतं. मी नाही म्हटलं. त्यांना कागदावर परळचा पत्ता लिहून दिला, गाडीचं नाव लिहून दिलं. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "इथं जवळ कुठं नाही का?"

आपली,
एक शिक्षिका