आधी माडावर चढणाऱ्याचा विमा, मग शीतगृह: इंडोनेशियाच्या ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
ग्राम व मागास प्रदेश विकास मंत्रालय, जकार्ता

विषय: मध्य जावातील रांचामाया आणि शेजारच्या गूळ करणाऱ्या गावांना दिलेला शब्द

सप्रेम नमस्कार.

21 जुलै 2025 रोजी मध्य जावातल्या क्लातेनमध्ये आपल्या राष्ट्राध्यक्षांनी 80 हजारांवर ‘मेराह पुतिह’ (लाल-पांढरा) ग्राम सहकारी संस्थांचा प्रारंभ केला. मधल्या व्यापाऱ्याचा फास सुटेल, असा शब्द त्या योजनेबरोबर देशभरच्या खेड्यांना दिला गेला. त्याबद्दल आपले अभिनंदन करून हे पत्र संपवता आले असते. पण संस्थेच्या आराखड्यात काय आहे? किराणा दुकान, औषधाचे दुकान, दवाखाना, पतपेढी, शीतगृह, मालवाहतूक. बान्युमास जिल्ह्यातल्या चिलोंगोक तालुक्यात, स्लामेत ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावर रांचामाया हे गाव आहे. ते माडाच्या गुळावर जगते. गुळाला शीतगृह लागत नाही. लागते सुकवण्याची खोली, आणि ती यादीत नाही.

आम्ही मराठीत लिहितो आहोत, कारण कोकण-गोव्यात माडी काढणारे भंडारी आणि रेंदेर कसे कमी होत गेले ते इथल्या वाचकांना ठाऊक आहे. बान्युमासमध्ये हा धंदा अजून जिवंत आहे. तो मरू द्यायचा की नाही, हे आपल्या हातात आहे.

आपल्या अधिकाऱ्यांपैकी किती जणांनी हे काम पहाटेपासून पाहिले असेल, याची शंका येते, म्हणून तपशिलात सांगतो. एका माणसाकडे साधारण 25 माड असतात. सकाळी चढायचे, पोय (माडाचा न उमललेला फुलोरा) पातळ कापायची, भरलेले भांडे उतरवायचे, रिकामे बांधायचे. दुपारनंतर पुन्हा तेच. म्हणजे दिवसाला 50 चढाया. माड 15 मीटरचा धरा, रोज साडेसातशे मीटर वर आणि तेवढेच खाली, खोडात कोरलेल्या खाचांवर पाय रोवून, दोराशिवाय. पावसाळ्यात त्या खाचांवर शेवाळ धरते. चढणे थांबवता येत नाही, कारण पोय काही दिवस कापली नाही तर सुकते आणि नीरा बंद होतो.

भांड्यात आधीच चुन्याची निवळी आणि मँगोस्टीनची साल किंवा फणसाच्या लाकडाचे छिलके टाकतात, नाहीतर उन्हात नीरा दोन-तीन तासांत आंबू लागतो. आंबला की साखरेचे विघटन होते आणि कितीही आटवला तरी गूळ धरत नाही, चिकट राहतो. भांड्यात पावसाचे पाणी शिरले तर आटवायला लाकूड जास्त आणि हाती गूळ कमी. मग काही जण नीरा आंबू न देणारी सल्फाइट ही रासायनिक पावडर टाकतात. सेंद्रिय मालाचा खरेदीदार तो माल नाकारतो, आणि दोष माडावर चढणाऱ्याच्या माथी येतो.

सात-आठ लिटर नीऱ्याचा एक किलो गूळ होतो. घरची बाई चार-पाच तास चुलाणापुढे धुरात बसते. ढेपेसाठी सुमारे 110 अंश सेल्सियस, भुकटीसाठी 118 च्या आसपास. कढई उतरवायला दोन मिनिटे उशीर झाला तर करपट वास, लवकर उतरवली तर भुकटी सुटत नाही. नंतर घोटणे, चाळणे, सुकवणे. तुमच्याच राष्ट्रीय मानकानुसार भुकटीत ओलावा 3 टक्क्यांच्या वर चालत नाही. दमट डोंगरात, कौलाखाली, पावसाळ्यात ती तिथवर कशी सुकायची? लाकडावर चालणारी साधी भट्टी, ओलावा मोजायचे यंत्र आणि हवाबंद पिशव्या एवढे लागते. ते नसल्याने ओला माल व्यापाऱ्याकडे जातो, तो सुकवतो, आणि फरकाचा पैसा त्याचा होतो.

त्या व्यापाऱ्याकडून आधीच उचल घेतलेली असते. आमच्याकडे ऊसतोड कामगार उचलीत कसा अडकतो ते महाराष्ट्राला सांगायला नको. रांचामायात मुलाची फी, आजारपण, लग्न, सगळ्याला तोच व्यापारी. उचल फिटेपर्यंत माल त्याच्याच वजनकाट्यावर, त्याच्याच भावाने. सेंद्रिय प्रमाणपत्रही बहुधा निर्यातदाराच्या किंवा मोठ्या संस्थेच्या नावावर असते. शेतकऱ्याची झाडे तपासली जातात, नोंदवह्या तो भरतो, पण दुसऱ्या दारात तोच गूळ सेंद्रिय म्हणून विकायचा हक्क त्याला नाही. सहकारी संस्थेने फास सोडवायचा असेल तर या दोन गाठी सोडवा: उचल आणि प्रमाणपत्र. किराणा दुकान तर गावात आधीपासून आहे.

आता सगळ्यात संतापाची गोष्ट. माडावरून पडलेल्या माणसाचा मणका मोडतो. तो खाटेवर, बायको चुलाण सोडून त्याच्या उशाशी, उचल तशीच उभी. आपल्याच सरकारी कामगार विमा योजनेत स्वयंरोजगार करणाऱ्याचा किमान हप्ता महिन्याला 16,800 रुपिया आहे. अपघाताचा उपचार आणि मृत्यूची भरपाई, दोन्ही त्यात येतात. वर्षाचे होतात 2,01,600. माडावर चढणारे 300 जण असलेले गाव धरा, वर्षाला सुमारे 6 कोटी 5 लाख रुपिया. एका संस्थेच्या कर्जाची मर्यादा किती? 300 कोटी रुपिया. म्हणजे पन्नासाव्या भागात अख्ख्या गावाचा एका वर्षाचा विमा होतो. कर्ज थकले तर गावाच्या निधीतला 30 टक्क्यांपर्यंतचा भाग त्यात जाऊ शकतो, असा नियम 2025 मध्येच तुमच्या सरकारने केला. बुडीत कर्जासाठी गावाचा पैसा बाजूला ठेवता येतो, मोडलेल्या मणक्यासाठी येत नाही?

सुरक्षेचे पट्टे वाटणे हा उपाय नाही. दर झाडाला तीन मिनिटे जास्त धरली तर 50 चढायांना अडीच तास जातात, तेवढ्यात खालचा नीरा आंबतो. पट्टा मग खुंटीला टांगला जातो. खरा उपाय म्हणजे बुटका माड. मध्य जावातल्याच केबुमेन जिल्ह्यातला ‘गेंजाह एंतोग’ तीन-चार वर्षांत पोय धरतो आणि जमिनीवर उभे राहून कापता येतो. पण रोप मोफत देऊन भागत नाही. पहिली दोन-तीन वर्षे गेंड्या भुंगा कोंब पोखरतो, त्याच्यापासून राखण लागते, आणि तोवर घर जुन्या माडांवरच चालते. अर्धी बाग बदलणाऱ्याला मधल्या काळाची मजुरी द्या, नाहीतर कोणी जुना माड तोडणार नाही. त्यातून 2025 मध्ये नारळाचे भाव चढले. ज्याचे झाड त्याला पोय कापू देण्यापेक्षा नारळ विकणे परवडते, आणि दुसऱ्याच्या माडांची पोय आळीपाळीने कापणाऱ्याच्या हातून झाडच जाते.

तरुण पोरे जकार्ताच्या कारखान्यांकडे आणि परदेशी मजुरीला जातात. त्यांना आळशी म्हणू नका. बाप पडताना पाहिलेला मुलगा त्या झाडावर का चढेल? 2014 चा ग्राम कायदा गावाने स्वतः ठरवावे असे सांगतो. प्रत्यक्षात 75 हजारांवर गावांसाठी यादी जकार्तातून येते: मासेमारीच्या गावाला जे, तेच डोंगरातल्या गुळाच्या गावाला. गावे ‘अतिमागास’ ते ‘स्वावलंबी’ अशा पाच पायऱ्यांवर बसवता, तर त्याच तक्त्याशेजारी माडावरून पडून मेलेल्या आणि अपंग झालेल्यांचा गाववार आकडा दरवर्षी छापा.

आमच्या मागण्या लेखी उत्तरासह हव्यात. चिलोंगोकमधल्या माडावर चढणाऱ्या प्रत्येकाचा विमा हप्ता ग्रामनिधीतून, पुढच्या पावसाळ्याआधी. शीतगृहाऐवजी सुकवण्याची खोली मागण्याची मुभा. उचल फेडण्यासाठी संस्थेकडून बिनव्याजी कर्ज. सेंद्रिय प्रमाणपत्र गावच्या संस्थेच्या नावावर, पहिल्या तीन वर्षांच्या तपासणीचा खर्च सरकारचा. यातली कोणती गोष्ट करणार नसाल, तर ती कोणत्या नियमामुळे अडते, त्या नियमाचा क्रमांक कळवा.

आपले,
माड जाणणारी कोकणातली मंडळी