प्रोपेलरवरचे ठसे वाचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं, एस.ई.५ए चं मॉडेल पूर्ण झालं. पत्र तुम्हाला वेगळंही लिहिलंच असतं, पण हे आभार चारचौघांत मानावेत असं वाटलं. तुम्ही मला जे शिकवलंत ते मॉडेल करणाऱ्या इतरांनाही कळायला हवं.

किटच्या डेकल शीटवर, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांच्या कागदावर, राउंडेल (ब्रिटिश विमानांवरची गोल रंगीत खूण) होते, सिरीयल नंबर होते, स्क्वाड्रनची म्हणजे विमानांच्या तुकडीची खूण होती. प्रोपेलरसाठी, म्हणजे विमानाच्या पुढच्या लाकडी पंख्यासाठी, मात्र एक अक्षर नव्हतं. मी इंग्लंडला तुम्हाला लिहून विचारलं, त्यावर नक्की काय लिहिलेलं असायचं? तुम्ही उलट विचारलंत, "इंजिन कुठलं लावणार आहेस?" सगळा अभ्यास तिथून सुरू झाला.

२०० अश्वशक्तीच्या गिअरवाल्या हिस्पानो-सुइझा इंजिनावर साधारणपणे चार पात्यांचा पंखा असायचा. त्या गिअरच्या तक्रारी फार. मग वुल्झलीचं व्हायपर इंजिन आलं, त्यात गिअरच नव्हता, आणि त्याच्यावर दोन पात्यांचा पंखा बसला. विमान एकच, पण पंखे दोन तऱ्हांचे आणि त्यांवरचे ठसेही वेगळे. इंजिन ठरवल्याशिवाय डेकल काढणं म्हणजे माप न घेता अंगरखा शिवणं, हे तुमच्या त्या एका प्रश्नानं कळलं.

मग तुम्ही ठसे वाचायला शिकवलंत. 'डीआरजी' म्हणजे ड्रॉइंग नंबर. त्यातल्या आकड्याच्या आधीचं अक्षर पाहायचं : 'टी' असेल तर आराखडा फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीचा, 'एबी' असेल तर एअर बोर्ड या सरकारी मंडळाचा, 'एलपी' असेल तर वेब्रिजच्या लँग कंपनीचा. 'डी' पुढचा आकडा व्यासाचा, 'पी' पुढचा पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात पंख्यानं हिशेबानं किती पुढे जावं त्याचा, आणि दोन्ही मिलिमीटरमध्ये. इंजिनाचं नाव आणि अश्वशक्तीही तिथेच ठोकलेली. 'एलएच' (डावा) किंवा 'आरएच' (उजवा) वरून पंखा कुठल्या बाजूनं फिरतो ते समजायचं. सरकारी तपासनिसाचा शिक्का निराळा. हे सगळं बोल्टांच्या भोकांभोवती, जेमतेम वीतभर जागेत.

जर्मन पंख्यांची रीत दुसरी, हेही तुम्हीच दाखवलंत. तिथे हबवर, म्हणजे पंख्याच्या मधल्या भागावर, ठसे असायचेच, शिवाय पात्यांवर अॅक्शियल, हायनं, वोल्फ, गरुडा अशा कारखान्यांची छापील चित्रं चिकटवलेली असत. मॉडेलवर ती लांबूनही नजरेत भरतात, म्हणून किटवाले ती देतात. ब्रिटिश ठसे लाकडात खोल ठोकलेले, त्यांच्याकडे कुणी वळत नाही.

मला सर्वांत जपून ठेवावासा वाटतो तो तुमच्या मित्राच्या घरच्या पंख्यावरून तुम्ही बटरपेपर ठेवून मऊ पेन्सिलीनं काढलेला छाप. फोटोत कॅमेऱ्याचा कोन घोटाळा करतो, छाप मात्र थेट मूळ मापाचा येतो. त्यावरून माझ्या मॉडेलच्या १/३२ मापाचं, म्हणजे मूळच्या बत्तिसाव्या हिश्शाचं करायचं तर नुसता भागाकार. मूळ अक्षर सहा मिलिमीटरचं, तर मॉडेलवर ते ०.२ मिलिमीटरपेक्षाही कमी. छापल्यावर ते वाचता येत नाही, रेघेसारखं दिसतं. मग खरी अक्षरं कशाला, असं कुणी म्हणेल. मला ती हवी होती. खऱ्या ओळींची लांबी, मधली अंतरं, कुठली ओळ तिरकी गेली आहे, हे काल्पनिक रेघांत येत नाही, आणि शेजारी शेजारी ठेवलं की फरक लगेच जाणवतो.

पहिल्या महायुद्धानंतर असे कितीतरी पंखे घरी नेऊन मधल्या भोकात घड्याळं बसवली गेली. तासून, पॉलिश करून काहींचे ठसे पुसलेही गेले. उडत्या ऐतिहासिक विमानावरचा पंखा तर पुष्कळदा बदललेला असतो, म्हणून त्याचे ठसे १९१८ चे धरू नयेत ही तुमची सूचना माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. इंग्लंडमधल्या ओल्ड वॉर्डनच्या विमानसंग्रहातलं एफ९०४ नंबरचं एस.ई.५ए अजून आकाशात जातं, त्याचे फोटो पाहतानाही मी आता आधी हब पाहतो.

याच जातीच्या विमानातून कोलकात्याचे इंद्रलाल रॉय ४० व्या स्क्वाड्रनमधून लढले आणि २२ जुलै १९१८ रोजी फ्रान्सच्या आकाशात लढताना मारले गेले. वय १९. पुढचं मॉडेल त्यांच्या नावानं करायचं आहे. ते नीट व्हावं एवढंच मनात आहे, म्हणून तुमची गरज पुन्हा लागेल.

तुमचा वेळ, तुमची चिकाटी आणि एकाही प्रश्नाला क्षुल्लक न म्हणणं, या सगळ्यासाठी मनापासून धन्यवाद. डेकलच्या दोन शीट टपालानं पाठवल्या आहेत. एक तुमची, दुसरी ज्यांनी पंख्याला हात लावू दिला त्या मित्रांची. छापाशी ताडून पाहा, आणि कुठल्याही ओळीचं माप खटकलं तर कळवा. फाइल अजून बदलता येते.

काकूंना सा. न.

आपला,
पुण्याचा मॉडेलवाला