पहाटे पाचचा अलार्म, एक वही आणि आजोबांची ट्रंक

ठाणे,
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय चष्म्या,

परवा फोनवर बोलता बोलता तू एकदम गप्प झालास आणि मग म्हणालास, "ती सवयींची आणि वेळेच्या नियोजनाची पुस्तकं वाचतो तेव्हा भारी वाटतं रे, पंधरा-वीस दिवस करतो आणि मग सगळं बंद पडतं, माझ्यातच काहीतरी खोट आहे." तेव्हा मी माजिवड्याला बसमध्ये दांडा धरून उभा होतो, आजूबाजूला हॉर्न, तुझं अर्धं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे "नाही रे असं काही नाही" एवढंच बोललो. पण ते तुझं वाक्य डोक्यातून जाईना. शाळेपासून ओळखतो तुला, तुझ्यात खोट नाहीये. म्हणून आज पोरगी झोपल्यावर बसून सविस्तर लिहितोय, व्हॉट्सॅपवर तुकड्या तुकड्यात हे सांगता येणार नाही.

आधी ते २१ दिवसांत सवय लागते म्हणतात, त्याचं. तू म्हणालास की एकविसाव्या दिवसापर्यंत रेटलंस आणि बाविसाव्या दिवशी उठवेना, म्हणजे सवय लागलीच नाही. अरे पण हा २१ चा आकडा सवयींचा नाहीच मुळात. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता, त्याने १९६० च्या आपल्या पुस्तकात लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला आपला नवा चेहरा आपला वाटायला निदान २१ दिवस तरी लागतात. त्यातलं "निदान" लोकांनी गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी सवय घातली, बास. खरं मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी केलं, ते २०१० साली छापून आलं. ९६ लोकांना घेतलं, प्रत्येकाने एक साधी गोष्ट निवडली, जेवताना पाणी पिणं, चालायला जाणं वगैरे, आणि ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं, तेही कोणाला १८ तर कोणाला, हिशोबाने काढलेल्या अंदाजानुसार, २५४. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही हेही त्यातच आहे. मी हे वाचलं ना तेव्हा मला खरंच रडू आलं होतं, कारण मी पण तुझ्यासारखाच किती वेळा तिसऱ्या आठवड्यात सोडून दिलंय आणि दर वेळी स्वतःला आळशी म्हणून झोपलोय.

आता माझं सांगतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी पहाटे पाचला उठायचं ठरवलं. पाच ते सहा वाचन, मग अर्धा तास व्यायाम, मग दिवसाचं प्लॅनिंग. आमच्या बिल्डिंगला पाणी सहाला येतं आणि पावणेसातला जातं, त्यामुळे सहाला कोणीतरी पिंप, बादल्या, फिल्टर बघायलाच लागतं. मी व्यायाम करत असायचो म्हणजे ते कोण बघायचं? ही. सातला पोरीची स्कूलबस, तिचा डबा, वेणी, ते पण हीच. तिलाही नऊला ऑफिसला पळायचं असतं. आणि माझा अलार्म वाजला की मी उठायचो पण ती पण उठायचीच ना, झोपायची खोली एकच, तिची एक तासाची झोप रोज जायची. बारा-तेरा दिवसांनी ती चिडली पण नाही, नुसतं शांतपणे म्हणाली, "तुझा हा एक तास माझ्याकडून जातोय."

चष्म्या, मी तोपर्यंत सात-आठ पुस्तकं वाचली होती या विषयावरची, त्यातल्या एकातही मला हे वाक्य मिळालं नव्हतं. वेळ कसा वापरायचा हे सगळे सांगतात, तो घरातल्या कोणाकडून येतोय हे कोणी विचारत नाही. मला तर आता वाटतं की सुरुवातच इथून करायला पाहिजे.

मग आम्ही दोघांनी एक काम केलं. एक शंभर पानी वही आणली आणि एक आठवडा दोघांनी लिहून काढलं की कुठला वेळ कशात गेला, तिचं डाव्या पानावर, माझं उजव्या. अर्ध्या अर्ध्या तासाचे कप्पे, खोटं लिहायचं नाही, मोबाइल बघत बसलो तर तेच लिहायचं. शनिवारी रात्री वही उघडून बसलो तर माझ्या पानावर रोजचे जवळपास सव्वा दोन तास असे होते ज्यात मी स्क्रीनवर काहीतरी सरकवत होतो, बसमध्ये, जेवल्यावर, झोपायच्या आधी. आणि तिच्या पानावर सोमवार ते शुक्रवार सलग अर्धा तास, फक्त स्वतःचा असा, एकही नव्हता. एकही नाही रे. तिला गाण्याची किती आवड आहे तुला माहितीये, लग्नाआधी क्लासला जायची. ते पान बघून मला पुढचं काही बोलता येईना.

त्या रात्री पाचचा अलार्म काढून टाकला. आता सकाळचं पाणी मी भरतो, पोरीचा डबा मंगळवार-गुरुवार-शनिवार मी करतो (पोळ्या अजून नीट गोल येत नाहीत, पण थालीपीठ आणि फोडणीचा भात चांगला होतो), आणि रात्री साडेनऊ ते दहा ती दार लावून तंबोऱ्याचं अॅप लावते, तेव्हा मी आणि पोरगी बाहेरच्या खोलीत आवाज न करता बसतो. माझी स्वतःची वेळ मी त्या सव्वा दोन तासांतून काढायची असं ठरलं, दुसऱ्या कोणाच्या झोपेतून नाही.

आता त्या वेळात करायचं काय. तुला आजोबांची ती पत्र्याची ट्रंक आठवते का, मुरबाडच्या घरात माळ्यावर असायची, आपण तिच्यावर बसून कैऱ्या खायचो? बाबा गेल्यावर ती इकडे आणली. आत जमिनीचे जुने कागद आहेत, सगळे मोडी लिपीत, आणि आमच्या घरात आता मोडी वाचणारं कोणीच नाही. दोन वर्षं माझ्या यादीत एक ओळ पडून होती, "गावच्या कागदांचं बघायचं". डेव्हिड अॅलन म्हणून एक जण आहे, २००१ साली त्याचं कामं उरकण्याच्या पद्धतीवरचं पुस्तक आलं, त्यातली एकच गोष्ट मला फार उपयोगी पडली. तो म्हणतो यादीत असं लिहायचंच नाही, हाताने करता येईल अशी पुढची एक कृती लिहायची. "बघायचं" ही कृती नाही, आणि म्हणूनच दोन वर्षं मी ती ओळ बघून पुढे जात होतो. मी ती खोडली आणि लिहिलं, "सातबारा डाउनलोड करणे". डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, दहा मिनिटांत हातात आला. मग पुढची ओळ, "ट्रंकेतल्या कागदांचे फोटो काढणे". मग, "ग्रंथ संग्रहालयात जाऊन मोडीचं पुस्तक आणणे". आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, शाळेत असताना आपण तिथे फक्त दिवाळी अंकांसाठी जायचो. तिथून पुस्तक आणलं आणि मी मोडी शिकायला लागलो.

इथे एक घोळ तुझाही झालाय म्हणून सांगतो, दोन मिनिटांचे नियम दोन वेगळे आहेत. अॅलनचा नियम असा की जे काम दोन मिनिटांत होतं ते लिहून ठेवू नका, लगेच करून टाका. आणि जेम्स क्लिअरचा, सवयींवरच्या त्याच्या २०१८ च्या पुस्तकातला, तो म्हणतो नवीन सवय सुरू करताना ती इतकी छोटी करा की सुरुवात दोन मिनिटांत झाली पाहिजे. पहिला टेबल आवरायला चांगला, दुसरा शिकायला. तू अभ्यासाला पहिला लावत होतास, म्हणून दिवसभर छोटी छोटी कामं उरकून तुला वाटायचं खूप झालं आणि परीक्षेचं पुस्तक तसंच. मी मोडीला दुसरा लावला. एक ओळ. एवढंच ठरवलं, बाकी झालं तर झालं.

आणि वेळ कुठली, तर ट्रेनची. तुला माहितीये मी मानपाड्याहून बसने स्टेशनला येतो आणि ट्रान्स हार्बरच्या लोकलने घणसोली, तिथून शेअर रिक्षाने महापे. पनवेल-वाशीच्या गाड्या ठाण्यातूनच सुटतात, त्यामुळे एक गाडी सोडली की पुढच्या गाडीत बसायला जागा मिळते. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवलंय की "मी अभ्यास करीन" म्हणण्यापेक्षा "अमुक झालं की तमुक करीन" असं आधीच ठरवून ठेवलं तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. माझं वाक्य हे, गाडीने ठाणे सोडलं की वही उघडायची. ऐरोली, रबाळे, घणसोली, पाव तासाच्या आसपास मिळतो. गाडीत लिहिता येत नाही, हात हलतो, म्हणून सकाळी फक्त वाचायचं आणि रात्री तिचं गाणं चालू असताना लिहायचं.

मोडी कशी असते माहितीये का, मला आधी काहीच माहीत नव्हतं. पानभर शिरोरेषा आधी ओढून घ्यायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायची, हात शक्यतो उचलायचाच नाही. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीत फरक नाही. त्यामुळे अक्षरं ओळखू आली तरी शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही, अंदाज बांधायला लागतो, चुकला की परत मागे. पहिल्या महिन्यात मी बाराखडी भराभर शिकलो आणि मग दोन महिने अडकलो, एक ओळ पुढे सरकेना. त्यामुळे ते रोज एक टक्का सुधारणेचं गणित आहे ना, वर्षात माणूस ३७ पट होतो म्हणतात, ते गणित म्हणून बरोबर आहे पण मला ते पटत नाही. शिकणं बँकेतल्या व्याजासारखं वाढत नाही. दोन महिने काहीच हलत नाही आणि मग एका गुरुवारी रबाळ्याच्या आसपास एकदम "मौजे" दिसतो, मग "तालुके", मग "बिन", म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि मग त्या पानावर सगळीकडे "बिन" दिसायला लागतात. तू एक टक्क्याचा तक्ता भिंतीवर लावलायस तो काढून टाक असं मला मनापासून वाटतं, त्या अडकलेल्या दोन महिन्यांत तो तक्ता माणसाला फक्त खोटं पाडतो.

ऑफिसबद्दल तू विचारलंस. तिथे बरंच काही चाललं नाही. मेल दिवसातून दोनदाच बघा, हे माझ्या माल रवाना करणाऱ्या डिस्पॅच डिपार्टमेंटला शक्य नाही, गेटवर गाडी उभी, ई-वे बिलात वाहन नंबर चुकलाय, ड्रायव्हर सकाळपासून उपाशी, त्याला मी "माझी मेलची वेळ चारची" असं सांगू शकत नाही आणि सांगूही नये. ज्याच्या हातात स्वतःचा दिवस आहे त्याने लिहिलेला सल्ला आहे तो. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांतीवाली पद्धत पण तशीच, फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन मुलाने कॉलेजात असताना टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून ती सुरू केली, आणि विद्यार्थ्याला ती मस्तच आहे, मी पोरीला गणितासाठी लावून दिलीये. माझ्या टेबलावर मात्र २५ मिनिटं कोणी सोडत नाही. मी फक्त एक केलं, साडेनऊच्या आधी पंधरा मिनिटं पोचतो आणि फोन सुरू व्हायच्या आत कालच्या अडकलेल्या गाड्यांची यादी हाताने लिहून काढतो. तेवढ्याने संध्याकाळी घरी येताना डोकं हलकं असतं, काय राहिलं काय राहिलं असं होत नाही.

खंड पडतोच रे. गणपतीत नऊ दिवस वही उघडली नाही, नंतर पोरीला डेंग्यू झाला तेव्हा जवळजवळ तीन आठवडे. प्लेटलेट्स मोजत हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो तेव्हा मोडी आठवली पण नाही, आणि ते बरोबरच होतं. ती शाळेत जायला लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीने ठाणे सोडलं आणि हात आपोआप बॅगेत गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा खात्री पटली की सवय लागलीये.

तुझं वेगळं आहे हे मला कळतं. तुझी शिफ्ट फिरती, काकू अंथरुणाला, वहिनी एकटी दिवसभर त्यांच्याजवळ. डिपार्टमेंटची परीक्षा तुला द्यायचीच आहे आणि ती तू द्यावीस असं मलाही फार वाटतं. पण नवीन पुस्तक आता आणू नकोस, टाइमटेबल पण करू नकोस. एक वही आण, एक आठवडा लिही, आणि वहिनींनाही लिहायला सांग, त्या नाही म्हणतील तर रात्री त्यांच्या शेजारी बसून विचारून तूच लिही. मग दोन्ही पानांचे फोटो मला पाठव, आपण फोनवर बसून बघू की तुला रोजची वीस मिनिटं कुठून मिळतात आणि त्या बदल्यात वहिनींना कुठली देता येतात. त्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ तरी घराबाहेर पडता आलं पाहिजे, त्या दिवशी काकूंचं जेवण-औषध तू कर, बघ जमतंय का.

आजच दुपारी एका कागदाची पहिली अडीच ओळ लागली. मौजे गावाचं नाव, तालुके मुरबाड, जिल्हे ठाणे, आणि मग पणजीचं नाव. पणजोबांचं नाही, पणजीचं. आमच्याकडे कोणालाच तिचं नाव माहीत नव्हतं, सगळे नुसतं "थोरली आई" म्हणायचे. मी ते मोठ्याने वाचलं तर आई स्वयंपाकघरातून ओल्या हातानेच बाहेर आली आणि म्हणाली परत वाच. मी तीनदा वाचलं.

पुढे काहीतरी रुपये-आण्यांचे आकडे आहेत, ते अजून लागत नाहीत. सोबत फोटो पाठवतोय, खालच्या कोपऱ्यात मी मोडीत तुझं खरं नाव लिहिलंय, ओळखता येतं का बघ. काकूंना नमस्कार सांग, वहिनींनाही.

तुझाच,
मागच्या बाकावरचा