स्टेशन मोजायला येण्यापूर्वी

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीत गावच्या बंद पडलेल्या स्टेशनाची मापे घेऊन त्याचा आराखडा तू महाविद्यालयात सादर करणार आहेस, हे वाचून फार समाधान वाटले. पत्रात तू तिकीटखिडकी आणि बाके यांविषयीच विचारले आहेस, म्हणून सांगतो की या स्टेशनाचा इतिहास तिकीटखिडकीपाशी सुरू होत नाही. तो मालधक्क्यापाशी सुरू होतो.

यवतमाळ ते मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी घातला गेला, तो वऱ्हाडच्या कापसासाठी. खर्च कमी यावा म्हणून रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट ठेवले. त्यामुळे मूर्तिजापूरला मोठ्या रुळांची गाडी गाठताना कापसाची प्रत्येक गाठ हमालांना एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. तिथून ती मुंबईला आणि पुढे बोटीने मँचेस्टरकडे जाई. त्याच मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत आपल्या शकुंतलेला, म्हणजे या मार्गावरच्या गाडीला, ओढत होते.

मालकी किलिक-निक्सन या ब्रिटिश पेढीची. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हाही हा मार्ग त्यातून सुटला, आणि गाड्या सरकारी रेल्वेने चालवायच्या व कंपनीला तिचा वाटा द्यायचा, ही व्यवस्था पुढे कित्येक दशके राहिली. मला ते आजही सलते, कारण वाटा दरवर्षी ठरत होता आणि रूळ मात्र झिजत होते.

तरीही ही गाडी आपली झाली. तुझी आजी गुरुमंदिराच्या दर्शनाला कारंज्याला याच गाडीने जात असे. ताशी जेमतेम वीस किलोमीटर चालणाऱ्या त्या डब्यात बाजाराच्या टोपल्या, शाळेची मुले आणि माहेरवाशिणी एकत्र बसत, आणि अखेरच्या काळात तर गार्डच तिकिटे देत असे. बसपेक्षा भाडे कमी असल्यामुळे मजुरांना तिचाच आधार होता.

म्हणून इमारतीच्या आधी मालधक्क्याची लांबी आणि उंची मोज. तिथे आता बाभळी माजल्या आहेत. तू येण्यापूर्वी मी त्या तोडून घेतो. लांब टेप मात्र पुण्याहूनच आण.

तुझे,
बाबा