नाव न लिहिल्याबद्दल आभार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

मेळघाटातल्या नाल्याकाठच्या वनस्पतींची नावं कळावीत म्हणून पाठवलेली आमच्या नमुन्यांची पाकिटं तुम्ही तपासून परत पाठवलीत. निम्म्यांवर नाव नाही, नुसती पेन्सिलीची ओळ: 'शंकू नाही' (शंकू म्हणजे फांदीच्या शेंड्याचा बीजाणू धरणारा भाग), 'खालची बाजू दिसत नाही', 'हे शेवाळ आहे'. आमच्या निसर्ग मंडळाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो याच ओळींचा.

क्लबमॉस (शेवाळासारखी दिसणारी, बिनफुलांची वनस्पती) आणि शेवाळ यांत गफलत होते ती वरवर पाहिल्यानं. शेवाळाची बीजाणूंची बोंडं बारीक दांडीवर उभी असतात. क्लबमॉसची बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंची पिशवी, पानाच्या बेचक्यात बसते आणि इवल्याशा पानातून एकच, न फुटलेली शीर जाते. नेच्याची कोवळी पानं गुंडाळलेली असतात, म्हणून तिथं घोळ कमी.

क्लबमॉस ठरलं की पुढचा प्रश्न, त्यांच्यातली ही सेलाजिनेला की लायकोपोडियम? आपल्याकडं ओल्या खडकांवर हाती लागते ती बहुतेक सेलाजिनेलाच, पण 'बहुतेक' म्हणजे ओळख नव्हे, हे तुमच्यामुळं अंगवळणी पडलं. सेलाजिनेलाच्या पानाच्या बुडाशी, वरच्या अंगाला, बिनरंगी जिभली असते. जून पानात ती सुकून जाते, म्हणून फांदीच्या शेंड्याचं ओलं पान घ्यायचं आणि दहापट भिंगाखाली धरायचं. मग शंकू पांढऱ्या कागदावर सुईनं फोडायचा. सेलाजिनेलात बीजाणू दोन प्रकारचे: मोठे, एका धानीत बहुधा चारच, कणांसारखे नुसत्या डोळ्यांनी दिसणारे, आणि लहान, धुळीसारखे. लायकोपोडियमचे सगळे एकाच मापाचे. श्रावणातले शंकू कच्चे निघतात. पोळ्यानंतर दिवाळीपर्यंत पाहिलेले बरे.

जुन्या पुस्तकांत दोन्ही एकाच नावाखाली का सापडतात, तेही तुम्ही उलगडलंत. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीयसनं १७५३ साली आज आपण सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस म्हणतो तिला लायकोपोडियममध्येच घातलं होतं. हीच जत्रेत 'संजीवनी' म्हणून विकतात. सुकी जुडी पाण्यात उघडली की लोक खूण पटली म्हणतात, पण तशा उघडणाऱ्या जाती आणखीही आहेत.

'खालची बाजू दिसत नाही' ही ओळ तर आम्ही नमुने दाबायच्या प्रेसच्या फळीवरच लिहून ठेवली आहे. बऱ्याच सेलाजिनेलांत पानांच्या चार ओळी असतात: दोन मोठ्या बाजूंना, दोन बारक्या वरच्या अंगाला. सगळ्या फांद्या एकाच अंगावर दाबल्या तर अर्धी ओळख कागदाखाली जाते. आता प्रत्येक नमुन्याची एक फांदी उलटी दाबतो. बेचक्यातून उतरणारे बिनपानांचे मूळधर (टोकाला मुळं धरणारे दांडे) ओढल्यावर तुटतात, तेव्हा चाकूच्या टोकानं मातीसकट उचलतो. गुंडाळलेला नमुना दाबण्याआधी तासभर पाण्यात ठेवतो. पावसाळ्यात रद्दी पेपर पहिले चार दिवस रोज बदलावाच लागतो. एक दिवस चुकला की बुरशी शंकूपासून सुरू होते, आणि नेमका तोच भाग हवा असतो. गळणाऱ्या बीजाणूंसाठी कागदाची वेगळी पुडी, त्यावर नमुन्याचा क्रमांक.

राखीव जंगलात परवानगीशिवाय काही उचलायचं नाही, तिथं पट्टी ठेवून फोटो, हा तुमचा नियमही पाळतो.

नवी पाकिटं दिवाळीनंतर पाठवतो. शंकू सगळ्यांत आहेत. नावं आम्ही पेन्सिलीनंच लिहिली आहेत, खोडायला सोपी जावीत म्हणून.

आपले नम्र,
निसर्ग मंडळाचे सदस्य